शिंगं वाजवून व्हाइटटेल बोलावणे: ऐन माजात लॅनोला का जमत नाही?

रानभैरी:

मंडळी, टेक्ससमध्ये किंवा अमेरिकेत कुठेही व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांच्या शिकारीला जाणाऱ्या जाणकारांनी जरा प्रकाश टाका. ज्यांना शिकार हा विषयच पटत नाही त्यांच्यासाठी इथे वेगळे धागे आहेत, तिकडे खुशाल भांडा.

तर परिस्थिती अशी. टेक्ससमधल्या लॅनोच्या बाजूला आम्हा चौघांची मिळून लीज आहे, म्हणजे शिकारीसाठी भाड्यानं घेतलेली जमीन. ओक, ज्युनिपर, मधूनमधून ग्रॅनाइटचे उघडे खडक आणि एक ओढा, जो वर्षातला बराच काळ कोरडाच असतो. दोन फीडर (हरणांसाठी मका टाकणारे डबे) आहेत, दोन्हींसमोर ब्लाइंड (लपून बसायची जागा). फीडरवर माद्या न चुकता येतात, पोरसवदा नरही येतात. मोठा नर मात्र फक्त कॅमेऱ्यात दिसतो, तोही मध्यरात्र उलटल्यावर. म्हणून यंदा रॅटलिंग, म्हणजे नरांच्या झुंजीचा आवाज काढून नराला बोलावणं, करून बघायचं ठरवलं. रॅटल बॅग आणली (पिशवीत गोल कांड्या भरलेल्या असतात, ती दोन तळव्यांत चोळायची), ग्रंट ट्यूब (नराच्या हुंकाराचा आवाज काढणारी नळी) आणली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फीडरसमोरच्या ब्लाइंडमध्ये बसून वाजवली. बेतानंच वाजवली, म्हटलं उगाच बिथरायला नकोत. फीडरवरच्या माद्यांनी माना वर केल्या, कान फिरवले आणि परत मक्याला लागल्या. बाकी चिटपाखरू फिरकलं नाही. पुढच्या शनिवार-रविवारीही तेच.

बॅग कुचकामी आहे का? खरी शिंगं घ्यावीत का? किती वेळ वाजवायचं, किती वेळ थांबायचं? की हे सगळं व्हिडिओवाल्यांचंच कौतुक आहे?

उत्तरध्रुव:

विस्कॉन्सिनहून लिहितोय, त्यामुळे थोडं वेगळं सांगेन. आमच्याकडे बंदुकीचा सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो, तोवर माजाचा भर ओसरायला लागलेला असतो. म्हणून रॅटलिंग इथे मुख्यतः धनुष्यवाल्यांचं काम. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, या काळात नर हुंदडत असतात पण माद्या अजून फारशा माजावर आलेल्या नसतात. तेव्हाच ते आवाजाला फसतात.

अडचण अशी की धनुष्याला नर वीस-पंचवीस यार्डांत यावा लागतो. तो येतो आवाजाचा माग काढत, डोळे थेट तुमच्या झाडावर रोखून. अशा वेळी धनुष्य ताणायचं कसं? त्यामुळे मी आंधळेपणानं वाजवत नाही. लांबून नर जाताना दिसला, ग्रंट ऐकूनही त्यानं ढुंकून पाहिलं नाही, तरच शिंगं हातात घेतो. तो वळला की शिंगं खाली, मग एक आवाज नाही. तुमच्या हातात रायफल आहे, तुम्हाला एवढं सोवळं पाळायची गरज नाही.

मेस्कीटवाले:

रानभैरी, बॅग परत करायला धावू नकोस. तिचा काही दोष नाही. तुझं अर्धं उत्तर तू स्वतःच लिहून ठेवलंयस: फीडरवर माद्या न चुकता येतात. लॅनो, मेसन हा सगळा पट्टा व्हाइटटेलनं गच्च भरलेला आहे आणि बऱ्याच लीजवर एकेका मोठ्या नरामागे माद्यांची फौज असते. स्थळं ढीगभर आणि नवरदेव दोनच, मग कोण कशाला कुणाशी भांडेल? रॅटलिंग चालतं ते नरानरांत चुरस असते तिथे. दक्षिण टेक्ससच्या मोठ्या रँचवर माद्या ठरवून कमी करतात, नर वयात येईपर्यंत राखतात, म्हणून तिथे शिंगं आपटली की काट्यातून कुणीतरी बाहेर पडतंच. तुम्हा चौघांचे माद्यांचे टॅग (लायसन्ससोबत मिळणाऱ्या, एकेका हरणामागे वापरायच्या चिठ्ठ्या) दरवर्षी कोरे राहत असतील तर आधी ते वापरा. बॅगेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मी डिमिट काउंटीत जातो, कॅरिझो स्प्रिंग्जच्या बाजूला. मेस्कीट, ग्वाहियो, निवडुंग. पाऊल ठेवाल तिथे काटा. त्या झाडोऱ्यातून बुलडोझरनं सरळ पट्टे कापलेले असतात, त्यांना सेंडेरो म्हणतात. पट्ट्यावर दिसेल तेवढंच दिसतं, बाकी हातभर आतलं कळत नाही. अशा रानात हरीण शोधत हिंडण्यात अर्थ नसतो, त्यालाच बोलवावं लागतं. ही विद्या या भागात एवढी का रुजली ते तिथे एकदा उभं राहिलं की कळतं.

तारीख तू बरोबर धरलीस. हिल कंट्रीत, म्हणजे तुमच्या लॅनोकडच्या डोंगराळ भागात, माजाचा भर नोव्हेंबरच्या पूर्वार्धात असतो. पण अख्ख्या टेक्ससला एकच तारीख लावू नकोस. किनारपट्टीच्या काही भागात तो ऑक्टोबरातच उरकतो आणि आमच्याकडे नाताळाच्या आसपास येतो. बंदुकीचा सीझन सगळीकडे नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, म्हणून लोकांना वाटतं माजही सगळीकडे तेव्हाच. माझ्या ओळखीचे काहीजण डिमिटला नोव्हेंबरात येऊन शिंगं बडवतात, दीड वर्षाची पोरं येऊन बघून जातात, आणि हे घरी जाऊन सांगतात की रॅटलिंग हे थोतांड आहे.

आता "बेतानं वाजवली" याबद्दल. इथेच तुझी बस चुकली. सिंटनजवळ वेल्डर वाइल्डलाइफ रेफ्यूज आहे, तिथे १९९२ ते १९९५ या काळात याच प्रश्नावर शिस्तीत काम झालंय. हळू, जोरात, थोडा वेळ, जास्त वेळ अशा चार तऱ्हांनी शिंगं वाजवायची आणि जवळच्या उंच मनोऱ्यावर बसलेल्या माणसानं कोण कुठून येतं ते टिपायचं. १७१ वेळा वाजवलं, १११ नर आले. जोरात वाजवल्यावर हळूच्या जवळजवळ तिप्पट आले. किती वेळ वाजवलं यानं मात्र विशेष फरक पडला नाही. भर माजात प्रतिसाद सगळ्यांत जास्त मिळाला, आणि माज सरल्यावर आकडा कमी झाला तरी येणाऱ्यांत वयस्क नरांचं प्रमाण वाढलं. म्हणजे तुला ज्याचा फोटो मध्यरात्री मिळतो, तसले. सकाळ दुपारपेक्षा चांगली, वारा पडलेला चांगला, आभाळ भरून आलेलं आणखी चांगलं.

खरी झुंज कधी जवळून ऐकलीस का? आपल्याला वाटतं शिंगांचा खणखणाट, पण शिंगांचा आवाज त्यातला निम्माच. पहिली टक्कर बसते तो एक कडाका, मग शिंगं एकमेकांत अडकून पिळली जातानाची करकर, आणि या सगळ्याखाली खुरांचा धबाधबा आवाज. झुडपं मोडतात, दगड उडतात, दोघांचे श्वास भात्यासारखे चालतात. बॅग हातात चोळून यातली फक्त करकर मिळते. म्हणून मी खरी शिंगं वापरतो आणि जमिनीवर गुडघे टेकून बसतो. आधी एक दणका, मग मिनीट-दीड मिनीट पिळायचं, मधेच शिंगांच्या बुंध्यानं जमीन ठोकायची, शेजारच्या फांद्या ओरबाडायच्या. मग सगळं शांत. दहा मिनिटं थांबून पुन्हा. अशा तीन फेऱ्या, म्हणजे अर्धा तास एका जागी. त्याआधी उठायचं नाही. कित्येक नर पहिल्या दोन मिनिटांत धडकतात, पण म्हातारा डोकं चालवून येतो, त्याला वेळ लागतो.

शिंगं निवडताना: ताजी गळलेली घे. हिवाळा सरताना नर शिंगं टाकतात, आमच्याकडे मार्चमध्ये सेंडेरोच्या कडेनं हिंडलं की सापडतात. उन्हात पडून पांढरी झालेली, भेगाळलेली नको, त्यांचा आवाज फुटक्या मडक्यासारखा येतो. कपाळालगतची पहिली टोकं कापून टाक आणि कापलेली जागा कानशीनं घासून घे, नाहीतर पहिल्याच दणक्याला अंगठा सोलून निघेल. बुंध्याला भोक पाडून दोरी ओव. कृत्रिम शिंगंही चालतात, त्यात कमीपणा नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं राहिलंच: वारा. नर सरळ आवाजाकडे येत नाही. तो वळसा घालून, वारा तुझ्याकडून जिकडे वाहतो त्या बाजूला जातो आणि नाकानं खात्री करतो की भांडणारे खरंच हरीण आहेत का. तिथे त्याला माणसाचा वास लागला की खेळ खलास, आणि तो आला होता हेही तुला कळत नाही. वेल्डरच्या त्या कामातही बहुतेक नर पहिल्यांदा दिसले ते वाऱ्याच्या खालच्या अंगालाच. आणि खाली बसून शिंगं वाजवणाऱ्याला त्यांतले निम्मेही दिसले नाहीत, वर मनोऱ्यावरच्याला दिसले. म्हणजे तुझ्याकडेही "चिटपाखरू फिरकलं नाही" असं ठामपणे म्हणू नकोस. कदाचित ओढ्यात उभा राहून बघून गेला असेल.

म्हणून हे काम दोघांचं. वाजवणारा झाडोऱ्यात, आणि बंदूकवाला त्याच्यापासून साठ-सत्तर यार्डांवर, वारा वाहतो त्या दिशेला थोडा बाजूला, जरा उंचावर. वाजवणाऱ्यानं शिकारीची आशा सोडून द्यायची आणि हमाली करायची. आम्ही दर फेरीला पाळी बदलतो, त्यामुळे रुसवेफुगवे होत नाहीत.

माझ्या पाळीला एकदा असा आला: मी गुडघ्यांवर, शिंगं नुकतीच खाली ठेवलेली, आणि समोरचं ग्वाहियो हललं. आधी वास आला, मागच्या पायांच्या ग्रंथींचा, कुबट, मुतारीसारखा. मग तो दिसला. मानेवरचे, पाठीवरचे केस ताठ उभे, कान मागे चिकटवलेले, पाय न वाकवता तिरका तिरका चालत होता, अंग दाखवत. डोळ्यांच्या कडेचा पांढरा दिसत होता. मला तो झुडुपच समजत असावा. एवढ्या जवळून मी बंदूक उचलायचा प्रश्नच नव्हता, आणि माझ्या जोडीदाराच्या बाजूला मीच आडवा येत होतो, म्हणून त्यानंही गोळी चालवली नाही. तसं आधी ठरलेलंच असतं. ठरलं नसेल तर दोघांनी हा प्रकार करूच नये.

फीडरसमोर वाजवणं तर बंदच कर. मक्यापाशी भांडण होतच असतं, त्यात नवल काय त्यांना?

शाकाहारी_वाघ:

धागा सोडून द्या लिहिलंय तरी आलोच, पण भांडायला नाही. शंका आहेत. एक: मका टाकणं, आवाज काढून फसवणं, हे तिथल्या कायद्याला चालतं? आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार म्हटलं की तुरुंगच डोळ्यांपुढे येतो. दोन: एच-१बी वर असलेल्या माणसाला बंदूक कशी मिळते? मी तर ऐकलं होतं की व्हिसावाल्यांना हात लावायचीही परवानगी नाही.

मेस्कीटवाले:

वाघोबा, या. दोन्ही शंका रास्त आहेत.

टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर मका टाकणं कायदेशीर आहे, शिंगं वाजवणंही. दुसऱ्या राज्यांत मक्याचे नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे. इथे व्हाइटटेलची संख्या पन्नास लाखांच्या वर आहे आणि लांडगे कधीच संपले, तेव्हा संख्या आवरायचं काम बंदुकीवरच येतं. फसवणुकीबद्दल म्हणाल तर मी फसवतोच. ते नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडचा कायदा मात्र आपल्या जागी योग्यच आहे, तिथली तुलना इथे करू नये. गंमत म्हणजे आपलं चितळ इथे हिल कंट्रीत मोकाट आहे. १९३० च्या दशकात आणून सोडलं. ते परकं जनावर धरलं जातं म्हणून त्याला सीझनही नाही आणि संख्येची मर्यादाही नाही.

व्हिसाचं तुम्ही ऐकलंत ते बरंचसं खरं आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे, पण कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. मेख अशी की टेक्ससचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला नवं काढलं नसेल तर कपाटातली बंदूकसुद्धा अडचणीची. रानभैरी, हे तुझ्यासाठीही. शिवाय २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. मी थोडक्यात सुटलो, तरीही बसलो होतो त्या वर्गाला. वेळ वाया गेला नाही.

पायपीट:

लीजवाल्यांचं बरं आहे, आम्ही सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्टमध्ये जातो. सरकारी रानात शिंगं वाजवणार असाल तर मेस्कीटवाल्यांची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. तिथे तुमच्या आवाजाला नर येवो न येवो, दुसरा शिकारी नक्की येतो, तोही दबकत, बोट ट्रिगरजवळ ठेवून. मी वाजवत असताना झाडामागून माणूस निघालाय.

केशरी जॅकेट-टोपी तिथे सक्तीची आहे: एकूण किमान ४०० चौरस इंच, त्यातले १४४ छातीवर आणि १४४ पाठीवर. खासगी जमिनीवर सक्ती नाही, पण रॅटलिंग करताना तिथेही घालाच. हरणाला केशरी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे तोटा काही नाही. खरी शिंगं चालताना उघडी नेऊ नका, केशरी कापडात गुंडाळा. झुडपांतून हलणारी शिंगं दिसली की उतावळा माणूस दुसरं काही बघत नाही. बसताना आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावा. माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, मोठ्यानं बोला. या रानात मी तर खरी शिंगं सोडून बॅगच वापरतो, एका हातानं मांडीवर घासता येते आणि कुणाला शिंगं दिसायचा धोका नाही.

आणि हो, नॅशनल फॉरेस्टमध्ये मका टाकायला परवानगी नाही. लीजची सवय घेऊन तिकडे जाऊ नका.

रानभैरी:

धन्यवाद मंडळी, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. मेस्कीटवाले, माद्यांचे टॅग कोरेच राहतात हे तुम्ही बरोबर ओळखलंत. यंदा दोन तरी काढू.

जोडीदाराची मात्र अडचण आहे. बाकीचे तिघं पहाटे उठायला तयार नसतात, त्यामुळे बऱ्याचदा मी एकटाच. ओढा लीजच्या दक्षिण अंगाला पूर्व-पश्चिम आहे आणि त्याच्या पलीकडे शंभरएक यार्डांवर कुंपण, मग शेजाऱ्याची जमीन. ओढ्याच्या उत्तर काठावर ओकच्या गर्दीत बसलो तर पात्र सगळं मोकळं दिसतं. नॉर्दर (उत्तरेकडून येणारी थंड वाऱ्याची लाट) येऊन गेल्यावरची गार सकाळ निवडू का?

मेस्कीटवाले:

गार सकाळ निवड, पण ती जागा नको. नॉर्दर आला म्हणजे वारा उत्तरेचा. नर वळसा घालून तुझ्या दक्षिणेला जाणार, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, कुंपणाच्या अंगाला. कुंपणापलीकडे गोळी जाणं हा गुन्हा आहे, आणि जखमी नर उडी मारून पलीकडे गेला तर शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याच्या मागे जाता येत नाही. शेजाऱ्याशी आधी बोलून ठेव, ते कधीही चांगलं.

उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी ओढ्यापासून बराच आत, लीजच्या उत्तर टोकाला बस, तुझ्या दक्षिणेला मोकळं माळरान किंवा ग्रॅनाइटचा खडक येईल अशा बेतानं. नराला वास घ्यायला ते उघडं ओलांडावंच लागलं पाहिजे, तीच एकट्या माणसाची युक्ती. ओढ्याची जागा आग्नेयेच्या वाऱ्याला ठेव, आपल्याकडे एरवी तोच जास्त असतो. तेव्हा तू दक्षिण काठावर बसायचं, तोंड वायव्येला, कुंपण पाठीशी. वारा तुझ्यावरून पात्रात उतरेल आणि नराला पात्रातून यावं लागेल. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेव, दाबली की वारा खरा कुठे चाललाय ते दिसतं. ओढ्याकाठी सकाळी तो हवामानखात्याच्या सांगण्यापेक्षा वेगळाच वाहतो. ऊन चढेपर्यंत गार हवा पात्रातून उताराला सरकत असते. तेव्हा ऊन पात्रात येईपर्यंत शिंगांना हात लावू नकोस.

आणि बंदूक मांडीवर तयार ठेवून मगच वाजव. पहिल्या दणक्यालाच आला तर शिंगं टाकून बंदूक शोधायला वेळ मिळत नाही.